घसारा

बी.कॉम.ला घसारा शिकवतात. यंत्र विकत घेतलं की पहिल्या दिवसापासून त्याची किंमत उतरायला लागते, आणि ती पुस्तकात उतरवण्याच्या मुख्य पद्धती दोन. एकीत दरवर्षी सारखी रक्कम वजा करायची, म्हणजे वस्तू एक दिवस शून्याला टेकते. दुसरीत उरलेल्या किमतीवर टक्केवारी लावायची. या पद्धतीत वस्तू कधीच शून्य होत नाही, नुसती खंगत जाते. आमच्या बँकेतली काही मंडळी पाहिली की मला ही दुसरी पद्धत जास्त पटते.

पण वस्तू वापरली म्हणून झिजते की नुसती पडून राहिली म्हणून झिजते, हे काही पुस्तकात नीट दिलेलं नव्हतं. मी आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "परीक्षेला येणार नाही."

परीक्षेला आला नाही, हे खरं. संसारात मात्र रोज येतो. आपण मध्यमवर्गीय माणसं वस्तू घेतो ती वापरण्यासाठी, हा एक गैरसमज आहे. आपण ती जपण्यासाठी घेतो. फ्रीज आला की आधी त्याला झालरीचं कव्हर शिवतो. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत जन्म काढतो. आमच्या लग्नात आलेला डिनर सेट गेली अठरा वर्षं 'पाहुणे आले की' या मुदतीवर काचेच्या कपाटात ठेवलेला आहे. पाहुणे येतात, स्टीलच्या ताटात जेवतात आणि जाताना म्हणतात, "डिनर सेट सुरेख आहे हो!"

आमच्या सौ.ची येवल्याची पैठणी हेही असंच एक प्रकरण. 'नेसली तर विटेल' म्हणून ती मलमलीत गुंडाळून ठेवली होती. चार वर्षांनी उघडली, तर जिथं घडी तिथंच जर चिरायला लागलेली. येवल्याचे एक विणकर तिला म्हणाले, "ताई, पैठणीला घडीचा जास्त त्रास होतो, अंगाचा नाही. नेसत जा, निदान घडी तरी मोडत जा." तेव्हापासून दर तीन महिन्यांनी आमच्या घरी घडी मोडण्याचा कार्यक्रम असतो. दोन टोकं मी धरतो. दोन माणसांनी मिळून करण्यासारखी जी थोडी कामं संसारात उरतात, त्यांतलं हे एक.

आता पैठणी चिरली तर बायको चार दिवस बोलत नाही, एवढाच धोका. माझ्या मामेसासऱ्यांच्या कपाटातली वस्तू त्या जातीची नाही. ती रायफल आहे.

मामा गंगापूर रोडला राहतात. वय एक्क्याऐंशी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांचे वडील जंगलाचे ठेकेदार होते, पेठ-सुरगाण्याकडे त्यांचं लाकडाचं काम चाले. ही रायफल त्यांची. मी ती प्रथम हातात घेतली तेव्हा वजनानं खांदा खाली गेला, आणि नळीच्या मुळाशी एक खूण दिसली: तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या. ही खूण मी आधी कुठंतरी पाहिली होती. डोकं खाजवल्यावर आठवलं, आजोबांच्या सायकलवर! बीएसए. शाळेत असताना बीएसए म्हणजे सायकल एवढंच ठाऊक होतं. पुढं कळलं, की त्याचा अर्थ बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. तिथल्या बंदूक कारागिरांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन हा कारखाना काढला. पण युद्ध नसलं की बंदुकीला गिऱ्हाईक नसतं. मग त्यांनी सायकली करायला घेतल्या, त्यानंतर मोटारसायकली. शांततेच्या काळात माणसाला कुठंतरी जायचं असतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

रायफल .३१५ मापाची आहे, त्यालाही एक कथा आहे. फौजेकडे .३०३ ची रायफल. खासगी रायफलीत तीच गोळी चालू लागली, तर सरकारी कोठारातल्या गोळ्यांना पाय फुटतील, अशी इंग्रजांना धास्ती. म्हणून हिंदुस्थानात खासगी माणसाला .३०३ ची मनाई झाली आणि त्याच बांधणीची रायफल थोड्या वेगळ्या मापात विकायला आली. आजही .३०३ सामान्य नागरिकाला ठेवता येत नाही, .३१५ ला परवाना मिळतो. तिच्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असतात, म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली खडकी. रायफल बर्मिंगहॅमची आणि तिचा शिधा पुण्याचा. भांडायला एवढं पुरेसं होतं.

तर गेल्या दिवाळीत फराळाची ताटली बाजूला सारून मामा मला म्हणाले, "जावईबापू, हिला एकदा बोलती करावी म्हणतो."

मामींच्या हातातली चकली तिथंच थांबली.

प्रश्न अचानक उपटला नव्हता. परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलेलं. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा मिळतो, आणि एक्क्याऐंशीव्या वर्षी पाच वर्षांचा अर्ज भरताना माणूस थोडा विचारात पडतोच. मुलगा बंगळूरला. त्याला वडिलांचा परवाना आपल्या नावावर करून घ्यायची इच्छा नाही. निवडणूक आली की रायफल पोलीस ठाण्यात जमा करा, निकाल लागला की सोडवून आणा, ही तिची माहेरची फेरी कोण करणार? त्यानं फोनवरून तोडगा सुचवला: "बाबा, नळी वेल्डिंग करून बंद करून टाका. भिंतीवर झकास दिसेल."

तोडगा कायद्याला धरून होता. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात अशी सवलत आहे, की जुन्या धाटणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळलेलं हत्यार दुरुस्त करूनही चालण्यासारखं नसेल, तर त्याला परवान्याचं बंधन नाही. शब्द नीट वाचा. 'चालत नसेल' एवढ्यावर भागत नाही. दुरुस्त करूनही चालता कामा नये. म्हणजे रायफल मुलाबाळांसाठी बिनपरवाना जपायची असेल तर आधी ती मारायला पाहिजे. मामा फोनमध्ये म्हणाले, "माझ्या वडिलांच्या रायफलीच्या तोंडात मी लोखंड ओतू? त्यापेक्षा तूच घे एक काठी, लाव भिंतीला आणि सांग सगळ्यांना, आजोबांची रायफल म्हणून!"

इथं मला मामांच्या घरातली एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. वडिलांनी पन्नासच्या दशकात इगतपुरीच्या बाजूला एक बिबट्या मारला होता, याच रायफलीनं. गुरं नेत होता म्हणून गावकरी बोलवायला आले होते. मामा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. मचाणावर पाच सेलची बॅटरी धरायचं काम त्यांच्याकडं होतं. हात इतका थरथरत होता की उजेडात एकाचे तीन बिबटे दिसत होते, असं ते सांगतात. तो बिबट्या भुसा भरून दिवाणखान्यात उभा केला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि असल्या वस्तूंची खात्याकडं रीतसर नोंद करावी लागली. तीही केली. डांबराच्या गोळ्या घातल्या, काचेचं झाकण केलं, पोरांना हात लावू दिला नाही. आणि इतकं जपूनसुद्धा कसरीनं तो आतून खाल्ला. आता त्याचा एक काचेचा डोळा तेवढा मामींच्या शिवणाच्या डब्यात, बटणांत आहे.

ज्याला जपलं तो गेला. जिला वापरलं, पुसलं, तेल दिलं, ती राहिली.

तेच १९७२ साल पाहा. आपल्याकडं बहात्तर म्हटलं की दुष्काळ आठवतो. पण त्याच साली दिल्लीत दोन कायदे झाले. एक वन्यजीवांचा, ज्यानं मामांच्या रायफलीचं काम काढून घेतलं. दुसरा पुरावशेष आणि कलानिधींचा, ज्यात शंभर वर्षांची मर्यादा घातली आहे. एक हात म्हणाला 'वापरू नका', दुसरा म्हणाला 'शंभरी भरली की जपा'. मधल्या काळात रायफलीनं काय करायचं, ते कुणीच सांगितलं नाही. आणि गंमत अशी, की बिबटे मात्र परत आले आहेत. निफाड-सिन्नरच्या उसात ते नांदतातच, पण जानेवारी २०१९ मध्ये एक सरळ गंगापूर रोडच्या सावरकरनगरात शिरला. वनखात्याची माणसं बेशुद्धीचं इंजेक्शन मारायची बंदूक घेऊन धावली. जिनं आयुष्यात एक बिबट्या लोळवला होता ती रायफल तेव्हा कपाटात मामींच्या रजयांमागं उभी होती. तिथंच राहिली, हे उत्तम झालं. बिबट्या पहिल्या परिशिष्टातला प्राणी आहे, आमच्यापैकी कुणीच कुठल्या परिशिष्टात नाही.

किमतीच्या बाजूनं पाहिलं तर मुलाचं म्हणणं होतं, की एक गोळी झाडली की जुन्या वस्तूची किंमत पडते. हे खरं नाही. रायफलीची नळी हजारो गोळ्या सोसते, चार-पाच गोळ्यांनी तिच्या अंगावर चरासुद्धा उठत नाही. भीती असते ती दुसऱ्याच गोष्टींची. शंभरीकडं झुकलेल्या लाकडी दस्त्याला मनगटापाशी बारीक चीर असू शकते आणि बाराच्या धक्क्यानं ती उकलते. खटक्याची पकड सैल झालेली असू शकते. आणि सर्वांत मोठी भीती बार झाल्यानंतरची. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या दारूचा क्षार नळीत राहतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि नाशिकच्या एका पावसाळ्यात नळी आतून खातो. म्हणून जुने शिकारी घरी आल्यावर स्वतः चहा घेण्याआधी रायफलीला उकळतं पाणी पाजत, मग कोरडी करून तेल देत. संग्राहक तर रायफलीवरचा मूळ काळा-निळा रंगही पुन्हा चढवू देत नाहीत, जुन्या नाण्यांचे लोक नाणं घासू देत नाहीत तसं. तेव्हा उडवल्यानं घसारा नाही, आळसानं आहे. हे एकदा मान्य केलं की 'नुकसान होईल' हा सगळ्यात सोयीचा मुद्दा हातातून जातो आणि उरतो तो अडचणीचा प्रश्न: उडवायची कशाला?

मी मामांची बाजू घेऊन बोलायला लागलो. जावयानं मामेसासऱ्यांची बाजू घेण्यात धोका कमी असतो. मी पॅगानिनीच्या व्हायोलिनची गोष्ट सांगितली. १७४३ साली ग्वार्नेरीनं केलेलं ते वाद्य. आवाज एवढा, की पॅगानिनीनं त्याला नावच ठेवलं 'तोफ'. मरताना ते त्यानं जिनोवा शहराला दिलं. शहर ते प्राणापलीकडं जपतं, पण मुकं ठेवत नाही. वाजवायला बाहेर काढतात, त्याच्या नावाच्या स्पर्धेत पहिला येणाऱ्याच्या हातात देतात. "वाजवलं नाही तर लाकूड झोपतं म्हणतात, मामी," मी समारोप केला.

मामी म्हणाल्या, "व्हायोलिन वाजलं की समोरची माणसं उठून टाळ्या वाजवतात. हिचा आवाज झाला की समोरचं उठत नाही."

माझं व्हायोलिन तिथंच थांबलं.

तसं पाहिलं तर कोरे बार हाही एक मार्ग असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या पंचवीस पौंडी तोफा दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाला कित्येक वर्षं एकवीस तोफांची सलामी देत होत्या. २०२३ पासून त्यांची जागा भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटरच्या तोफांनी घेतली. आमची देवळाली तोफखान्याची असल्यामुळं नाशिककराला आवाजाचं अप्रूप नाही. त्या म्हाताऱ्या तोफा उडायच्याही आणि जपल्याही जायच्या, कुणाचं काही जायचं नाही. जेजुरीचा बेचाळीस किलोंचा खंडाही दसऱ्याला बाहेर निघतो, लोक तो एका हातानं तोलून धरतात, दातानं उचलतात. कुणी त्यानं कापत नाही, पण तो फक्त बघण्याचाही नाही. चैत्रात कामदा एकादशीला पंचवटीत रामरथ निघतो तेव्हा तो हजारो हातांनी ओढलेला असतो. काचेत ठेवला असता तर दोर धरायला कोण आलं असतं?

पण मामींचं वाक्य काही जाईना. नाशकात तर ते जास्तच टोचतं. २१ डिसेंबर १९०९ ला इथल्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तुलानं गोळ्या झाडल्या. वयाला अठराही पुरी नव्हती. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कर्वे आणि देशपांडे यांच्यासह ते फाशी गेले. तसलं पिस्तूल उद्या कुणी समोर ठेवलं, तर 'अजून चालतं का हो?' असं विचारायची जीभ होईल का? त्याला जे बोलायचं होतं ते बोलून झालेलं आहे. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीबद्दल १९०७ साली भेट मिळालेली रिग्बीची रायफल २०१६ मध्ये भारतात आणून दाखवली, तेव्हा लोकांनी ती पाहिली आणि समाधान पावले. तिनंही हिशेब चुकता केलेला होता.

मग मामांच्या रायफलीचं काय राहिलं होतं? हे मी त्यांना मामी स्वयंपाकघरात गेल्यावर विचारलं.

मामा बराच वेळ फडक्यानं खटका पुसत राहिले. मग म्हणाले, "मी हिच्यातून जन्मात एकच गोळी झाडली. एकाहत्तर साली. रानडुक्कर होतं. वडील शेजारी बसलेले. गोळी कुठं गेली देव जाणे. डुक्कर गेलं, आवाज गेला. वडील काहीच बोलले नाहीत. पुढच्या वर्षी कायदा आला. त्यानंतर दोन वर्षांत ते गेले."

आता मी आयुष्य न जुळणाऱ्या नोंदींत काढलेलं आहे. जमेला आहे आणि नावे सापडत नाही, अशी रक्कम आली की आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकतो आणि तिथं ती वर्षानुवर्षं बसते. मामांची ती गोळी पन्नासहून अधिक वर्षं सस्पेन्स खात्यात होती. त्यांना बिबट्या नको होता, डुक्कर नको होतं. कागदाच्या पाटीवर एक भोक पाहिजे होतं, जे दाखवून म्हणता येईल, की ही पाहा, इथं गेली. दाखवायचं कुणाला, ते माणूस आता नाही, हा भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या शाखेतल्या पहारेकऱ्याला गाठलं. माजी सैनिक, दुनळी बारा बोअर घेऊन दारात उभा असतो. म्हटलं, "काका, ही कधी उडवलीत का?" तो म्हणाला, "साहेब, उडाली नाही म्हणून तर पेन्शन आणि पगार दोन्ही चालू आहे." मला हे फार पटलं. ती बंदूक सकाळी दहा ते पाच पूर्ण वापरात आहे, एकही बार न काढता. तिला पाहूनच लोक रांगेत नीट उभे राहतात. बारावाचूनही बंदुकीचा उपयोग होतो. मात्र त्यासाठी ती दारात उभी पाहिजे. रजयांमागं उभी राहून कुणाचा पहारा होत नाही.

एवढा विचार केल्यावर माझं मत सरळ झालं. बँकेत ज्या खात्यात दोन वर्षं खातेदारानं स्वतः काही व्यवहार केला नाही, ते निष्क्रिय होतं. आम्ही व्याज जमा केलं तरी ते धरत नाहीत, व्यवहार खातेदाराचाच पाहिजे. दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडं जाते. मामांच्या रायफलीला तेल देणं म्हणजे आमचं व्याज. व्यवहार एकदा त्यांचाच व्हायला पाहिजे. रीतसर मैदानावर, मागं मातीचा बांध, समोर कागद. त्यानंतर त्यांनी ती विकावी, जमा करावी, नाही तर मुलाचं मन वळवावं. नळीत लोखंड मात्र ओतू नये. मी हे मामींसमोर मांडलं. निष्क्रिय खात्याचं त्यांना पटलं नाही, पण कागदाच्या पाटीला त्या हो म्हणाल्या. "कागदाला पोरंबाळं नसतात," एवढंच बोलल्या.

मग बंदुका दुरुस्त करणारे एक कारागीर आले. त्यांनी नळीतून उजेड पाहिला, खटका दहादा मागंपुढं केला, दस्त्याला नखानं टिचक्या मारल्या आणि रायफल ठणठणीत आहे म्हणाले. बिबट्याच्या काळातली हिरवी पडलेली काडतुसं त्यांनी बाजूला काढायला लावली, ती पोलिसांकडं जमा करायची, नवीच वापरायची. फक्त एक अट घातली. पहिला बार माणसानं करायचा नाही. रायफल जुन्या टायरांना बांधायची आणि लांबून दोरीनं घोडा ओढायचा. हे ऐकून मामा खवळले. "एकाहत्तरनंतरचा पहिला बार, आणि तो सुतळीनं? परवाना माझ्या नावावर आहे की सुतळीच्या?" शेवटी सुतळीचं टोक मामांनीच धरायचं, या तडजोडीवर मिटलं.

मैदानासाठी अर्ज गेला. परवानगी यायच्या आत मामींनी मामांनाही तपासून घेतलं, रायफल तपासली तर नेमबाज का नाही, या न्यायानं. खांदा ठीक निघाला. ईसीजी ठीक निघाला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला.

ऑपरेशन ठरलं. मी सोबत गेलो होतो. मामांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "ऑपरेशननंतर माशी दिसेल ना?" नळीच्या टोकावर नेम धरायची जी बारीक खूण असते तिला माशी म्हणतात, हे डॉक्टरांना कुठून ठाऊक असणार?

ते हसून म्हणाले, "माशी काय आजोबा, डाससुद्धा दिसेल!"